सीमेवर उभा असलेला परका माणूस आणि आपली राज्यघटना

सन्माननीय अध्यक्ष आणि मित्रहो,

बेळगाव, खानापूर, निपाणीत वाढलेल्या माणसाला सीमेचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. महाजन आयोगावर वाद घालत आपल्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या दाव्याच्या तारखांकडे आपले आजही लक्ष असते. आज मात्र मला देशाच्या सीमेविषयी बोलायचे आहे. परक्या माणसाला आत घ्यायचे की नाही, हे ठरवण्याचा सरकारचा अधिकार फार मोठा आहे. परंतु त्याच्याशी कसे वागायचे, हे सरकारच्या मर्जीवर सोडलेले नाही, असे माझे ठाम मत आहे.

२०२१ साली करोनामुळे महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यांकडे आरटीपीसीआर चाचणीचा अहवाल मागितला जात होता. माझी आत्या निपाणीत आजारी होती आणि तिला भेटायला कागलहून निघालेला तिचा मुलगा नाक्यावर अडकला. अहवाल त्याच्या हातात होता. तरीही त्यावरची तारीख वाचण्याआधीच त्याला गाडी कडेला घ्यायला लावली, आणि कारण न सांगता सारी दुपार उन्हात ताटकळत ठेवले. साथीच्या काळातील तपासणीला माझा विरोध नव्हता. मुक्त संचाराच्या हक्कावर सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, हे मी वकील म्हणून जाणतो. परंतु कारण न सांगता माणसाला अडकवून ठेवणे कोणत्या निर्बंधात बसते? आणि तो तर या देशाचा नागरिक होता, त्याला इथली भाषा येत होती, फोन करायला घरचा वकील होता. ज्याच्यापाशी यातले काहीच नाही, त्याचे काय होत असेल, हा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

मुक्त संचाराचा आणि वास्तव्याचा हक्क देणारा १९वा अनुच्छेद केवळ नागरिकांसाठी आहे. परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली हान्स म्युलर खटल्यात अनिर्बंध मानला. मात्र समानतेचा १४वा आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा २१वा अनुच्छेद प्रत्येक व्यक्तीला लागू आहेत. १९९८ साली बांगलादेशातून आलेल्या एका स्त्रीवर हावडा स्थानकाच्या यात्री निवासात सामूहिक बलात्कार झाला, त्यात रेल्वेचे कर्मचारीही गुंतले होते. चंद्रिमा दास या कोलकात्याच्या वकील तिच्यासाठी उच्च न्यायालयात गेल्या. ती परदेशी असल्यामुळे तिला भरपाई मागता येत नाही, असा युक्तिवाद रेल्वेने केला. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तो फेटाळला आणि दहा लाख रुपयांची भरपाई कायम केली. दास यांचे त्या स्त्रीशी कोणतेही नाते नव्हते, हे मला इथल्या तरुण वकिलांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून विमानतळाबद्दलचे मुद्दे भराभर मांडतो. आगमन कक्षात पारपत्रावर शिक्का बसला नसला, तरी ती जमीन भारताचीच आहे. अटक झाल्यास कारण कळण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचा २२व्या अनुच्छेदातील हक्क, शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्धता वगळता, परकीयालाही आहे. सीमाशुल्क कायद्याच्या १०२व्या कलमानुसार अंगझडतीपूर्वी राजपत्रित सीमाशुल्क अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यापुढे नेण्याची मागणी करता येते, आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी लागते.

मोबाइलचा प्रश्न अधिक अवघड आहे. अटक केलेल्या माणसाचा फोन तपासण्यासाठी वॉरंट हवे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवले, तरी सीमेवरील झडतीबाबत तेथील न्यायालयांचे एकमत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा २१व्या अनुच्छेदात आणला. तो अनुच्छेद परकीयालाही लागू असेल, तर लेखी कारणाशिवाय त्याचा फोन उघडता कामा नये. रोहिंग्यांच्या प्रकरणातील २०२१ च्या आदेशात न्यायालयाने १४वा आणि २१वा अनुच्छेद सर्वांना लागू असल्याचे मान्य केले, पण हद्दपार न होण्याचा हक्क १९व्या अनुच्छेदाशी जोडला. परत पाठवल्यावर जिवाला धोका असेल, तर प्रश्न २१व्याचाच ठरतो, असे मला वाटते.

आपली मुले आखातात जायला गोव्यातील दाबोळी आणि मोपा विमानतळ गाठतात. तिथल्या सीमाशुल्क कक्षात १०२व्या कलमाचा फलक मराठी, कन्नड, कोंकणी, हिंदी, इंग्रजी आणि अरबी भाषांत लावावा, असा अर्ज मी लिहून आणला आहे. तो दाराजवळच्या टेबलावर आहे. ज्यांना पटेल त्यांनी जाताना सही करावी.