किनाऱ्यावरचं झाड खाली बघून ओळखावं

मंडळी, दिवाळीत अंदमानला निघालेली चार-पाच घरं तरी इथे बसली आहेत, म्हणून मुद्दाम हा विषय घेतला. बेटाच्या किनाऱ्यावर झाड ओळखायचं असेल तर आधी मान वर करू नका. भरतीने वाळूवर सोडलेली कचऱ्याची रेघ असते ना, तिथे बसा आणि पडलेली फळं उचला. यातली बरीच झाडं समुद्रानेच पेरलेली असतात. म्हणजे फळाला तरंगता आलंच पाहिजे.

याचा पहिला धडा बडोद्यातच मिळतो. आपल्या सोसायट्यांत उभा असलेला देशी बदाम मूळचा किनाऱ्यावरचा. त्याचं वाळलेलं फळ बादलीत टाका, तरंगतं. वरचं तंतूंचं हलकं साल त्यासाठीच. फांद्या खोडापासून आडव्या निघतात, मजल्यावर मजले चढवल्यासारख्या. आणि गळण्याआधी पानं लालभडक होतात.

ही लाल पानंच आमच्या बदामाच्या मुळावर आली. गाड्यांवर पडतात, सफाईवाला कुरकुरतो. मीटिंगमध्ये मी म्हणाले, झाडाचं वय बघा, उन्हाळ्यातली सावली बघा. एक भाऊ म्हणाले, ‘ताई, बदाम तर बाजारात मिळतात!’ (हशा) हसा, पण झाड तोडलं गेलं. बाजारातला बदाम वेगळ्याच झाडाचा, गुलाबाच्या कुळातला. आणि गंमत बघा, याच झाडाची वाळकी पानं मत्स्यालयांच्या दुकानात पाकिटातून विकतात. पाण्यात त्यांचं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, उतरतं, काही माशांना ते मानवतं. पैसे देऊन घेण्याची वस्तू आपण झाडूने जाळायला लोटतो. याचं मला अजून वाईट वाटतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भराभर सांगते.

मुठीएवढं, चौकोनी पेटीसारखं फळ सापडलं तर ते बॅरिंग्टोनियाचं. त्याची फुलं रात्री उमलतात आणि सकाळी खाली सडा असतो. बी विषारी, मासे गुंगवायला वापरतात, मुलांच्या हाती देऊ नका. गुळगुळीत गोल गोटी म्हणजे उंडी. तिच्या पानावर मधल्या शिरेपासून बारीक समांतर रेषा दाट निघतात, कोकणात बिया गाळून तेल काढत. अननसासारखं फळ आणि बुंध्याला टेकू दिल्यासारखी मुळं, तो केवडा. निकोबारी लोक त्याच्या जातभाईचं फळ शिजवून खातात. पिंपळासारखं पान आणि पिवळं फूल, जे संध्याकाळी तांबूस होतं, तो आपला पारसपिंपळ.

सुरूची ‘पानं’ खरं तर हिरव्या डहाळ्या आहेत. सांध्यावर ओढलं की सुटतात आणि तिथे खवल्यांएवढी खरी पानं दिसतात.

अंदमानातल्या स्वराज द्वीपावरच्या (जुनं नाव हॅवलॉक) राधानगरच्या किनाऱ्यामागे उंच, सरळ खोडं दिसतील, ती सी महुआची, आपल्या चिकूच्या गोतातली. पान मोडलं की चीक येतो. मोडायचं तर एकच मोडा.

बाकीचं बाहेर चहाच्या वेळी विचारा, फळं पिशवीत आणली आहेत.