हजेरीच्या वहीतला पगार

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यातल्या कितीतरी इमारतींच्या काँक्रीटमध्ये वाघोली, मोशी अशा शहरालगतच्या गावांतल्या दगडखाणींची खडी आहे. त्या खाणींत पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारी वडार समाजाची कुटुंबे आहेत, तशीच दुष्काळाने गाव सोडायला लावलेली माणसेही आहेत. त्यांच्या मजुरीबद्दल आणि अपघातानंतर मिळणाऱ्या भरपाईबद्दल आज बोलायचे आहे, कारण या दोन गोष्टी आपण समजतो त्यापेक्षा फार जवळून बांधलेल्या आहेत.

खाणीतली मजुरी पुष्कळदा रोजावर नसते, ती ब्रासवर किंवा गाडीच्या खेपेवर ठरते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. नवराबायको जोडीने खपतात, हिशेब मात्र नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर लिहिला जातो आणि त्यातून आधी घेतलेली उचल वळती होते. मालकाच्या दृष्टीने मजुरीचा खर्च असा आटोपशीर राहतो. पण उद्या त्या बाईच्या अंगावर दरड कोसळली, तर ती तिथे कामाला होती हेच आधी सिद्ध करावे लागते.

आता भरपाईचे गणित पाहू. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यातले आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम ठेवलेले सूत्र असे आहे की, कामावर मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. पस्तिसाव्या वर्षासाठी हा गुणक 197.06 आहे. जानेवारी 2020 पासून या हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा 15,000 रुपये आहे. तेवढे वेतन सिद्ध झाले, तर वारसांना 14,77,950 रुपये मिळतात. त्याच माणसाचे वेतन वहीत 6,000 रुपये दाखवलेले असेल आणि तेच ग्राह्य धरले गेले, तर ही रक्कम 5,91,180 रुपयांवर येते. वहीतल्या एका आकड्यामुळे त्या घराचे जवळजवळ नऊ लाख रुपये जातात, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. याचा मला मनापासून संताप येतो.

उचल फेडल्यावर हातात उरलेले पैसे म्हणजे वेतन नव्हे. सलग बारा महिने काम केलेल्या मजुराच्या बाबतीत, त्या काळात देय झालेल्या एकूण मजुरीचा बारावा भाग हे 1923 च्या कायद्याने मासिक वेतन मानले आहे. खेपेवर काम करणाऱ्यालाही हे लागू पडते. मजूर ठेकेदाराचा आहे, एवढे सांगून खाणमालकाची सुटका होत नाही. दगड फोडणे आणि खडी करणे ही कामे तर 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या मूळ अनुसूचीतच होती, म्हणजे त्यांना किमान वेतन द्यावेच लागते.

मृत्यूनंतर मुकादम दहाव्याच्या आधी थोडी रोकड घेऊन येतो आणि कोऱ्या कागदावर विधवेचा अंगठा मागतो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मृत्यूची भरपाई सरकारने त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते, आणि परस्पर हातात दिलेली रक्कम भरपाई दिली असे धरले जात नाही. वारसांना आगाऊ दिलेली, तीन महिन्यांच्या वेतनाएवढी रक्कम हा त्याला अपवाद. म्हणून अंगठा देऊ नये. खेपांच्या चिठ्ठ्या, उचलीची वही, मुकादमाने फोनवर पाठवलेले हिशेब हे सगळे पत्र्याच्या पेटीत जपून ठेवावे, आणि दोघे काम करत असतील तर प्रत्येक चिठ्ठीवर दोघांची नावे लिहून घ्यावीत.