हॉर्नच्या चेंबरला भोक पाडावं का?

[दृश्य: पालथा ठेवलेला 15 इंची ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरचा आवाज काढणारा भाग. मॅग्नेटच्या मधोमध आरपार भोक.]

कोन (ड्रायव्हरचा हलणारा पडदा) मागेपुढे होताना डस्ट कॅपखाली, म्हणजे त्याच्या मधल्या घुमटाखाली, कोंडणारी हवा या भोकातून ये-जा करते आणि जाताना कॉइलची (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीची) धग काढून नेते. बेस हॉर्नचा (खालच्या सुरांसाठीच्या कर्ण्यासारख्या स्पीकरचा) बॉक्स आटोपशीर करायच्या नादात हे भोक बऱ्याचदा मागच्या फळीला टेकतं. मग फुसफुस ऐकू येते आणि कॉइल तापते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्के वाढतो. कॉइल 200 अंशांनी तापली, की 6 ओहमचे जवळपास 10.7 ओहम होतात आणि अँप्लिफायर तोच असूनही आवाज बसतो. फळी आणि भोक यांच्यात निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर ठेवा.

चेंबरला, म्हणजे ड्रायव्हरच्या मागच्या बंद डब्याला, भोक पाडणं ही मात्र निराळी भानगड.

[दृश्य: हॉर्नचा आडवा छेद.]

कटऑफच्या (ज्या फ्रिक्वेन्सीखाली हॉर्न काम करत नाही, तिच्या) जवळ हॉर्नच्या गळ्यातली, म्हणजे ड्रायव्हरकडच्या अरुंद टोकातली, हवा नुसतं वजन होऊन बसते. ते तोलायला मागच्या बंद हवेचा ताठपणा लागतो. अमेरिकी स्पीकरनिर्माते पॉल क्लिप्श यांच्या नावाने चालणारं सूत्र सोपं आहे: गळ्याचं क्षेत्रफळ, गुणिले हॉर्नचं क्षेत्रफळ दुप्पट व्हायला लागणारी लांबी, गुणिले 2.9. एक्स्पोनेन्शियल हॉर्नचा (ठरावीक लांबीला क्षेत्रफळ दुप्पट होत जाणाऱ्या हॉर्नचा) कटऑफ 50 हर्ट्झ आणि गळा 400 चौरस सेंमी असेल, तर दुपटीची लांबी 38 सेंमी येते आणि चेंबर 44 लिटरचं. पण कोनला धरून ठेवणारे स्पायडर आणि सराउंडही आपला ताठपणा त्यात घालतात. ड्रायव्हरचा व्हीएएस (त्याच्या या ताठपणाइतकीच ताठ असणाऱ्या हवेचं आकारमान) 150 लिटर धरला, तर 62 लिटर लागतात. ड्रायव्हर स्वतः जेवढी जागा अडवतो, ती याच्यावर.

[दृश्य: मागच्या फळीत पीव्हीसी पाइप, त्यावर आट्यांची टोपी.]

आता प्रयोग. आतून 50 मिमी व्यासाचा, 10 सेंमी लांबीचा पाइप बसवा. टोपी लावून एकदा आणि काढून एकदा इम्पिडन्स (फ्रिक्वेन्सीनुसार बदलणारा ड्रायव्हरचा विद्युत रोध) मोजा. साउंड कार्ड आणि एक रोधक पुरतो. स्वीप 15 ते 300 हर्ट्झ. टोपी काढल्यावर 26 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि त्याच्या खाली नवं शिखर उभं राहतं.

भोक पाडलं की चेंबर मोठं झाल्यासारखं वागेल, असा समज आहे. होतं उलट. 50 हर्ट्झला 62 लिटरचं हे चेंबर 45 लिटरसारखं वागतं, म्हणजे आणखी ताठ. आणि 26 च्या खाली कोनला ना हॉर्नचा भार, ना मागच्या हवेचा लगाम. तिथे कॉइल मॅग्नेटच्या गॅपबाहेर येते. त्यामुळे टोपी काढून जोरात वाजवायचंच असेल, तर 40 हर्ट्झचा, 24 डीबी प्रति ऑक्टेव्हचा हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) आधी लावा.

[दृश्य: अगरबत्तीचा धूर स्क्रूजवळ थरथरतो.]

नकळत पडलेली भोकंही तितकीच त्रासदायक. 30 हर्ट्झचा टोन दोन-तीन व्होल्टवर सोडा आणि सांध्यांवरून अगरबत्ती फिरवा. धूर हलला, तिथे गळती. बहुतेकदा ती वायरच्या भोकाशी सापडते. तिथे एम-सील भरा, झाकणाखाली फोमची गॅस्केट घाला.

एक भोक मात्र मुद्दाम ठेवावं: 18 मिमी प्लायमध्ये 1 मिमीचं. आतली हवा तापून फुगली, की कोन पुढे सरकून बसतो. या भोकातून तो दाब काही सेकंदांत उतरतो आणि बेसला धक्का लागत नाही. 5 मिमीचं पाडलंत, तर बेससोबत शिट्टीही ऐकावी लागेल.