केशराला वेळ द्या

नमस्कार श्रोतेहो.

कोजागिरीचं मसालेदूध आटत आलं की घरोघरी केशराची ती इवलीशी डबी कपाटातून बाहेर निघते. उकळत्या दुधात चार काड्या पडतात, दूध जेमतेम पिवळसर होतं आणि कुणीतरी म्हणतं, "यंदाचं केशर काही खास नाही हं." खरं तर केशर बहुतेक वेळा चांगलंच असतं. त्याला भिजायला वेळच मिळालेला नसतो.

आपली कोजागिरी होते त्याच सुमाराला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, काश्मीरमध्ये पांपोरच्या पठारावर केशर फुलतं. हंगाम दोन-तीन आठवड्यांचा. ऊन चढायच्या आत जांभळी फुलं खुडायची आणि प्रत्येक फुलातले तीन लाल तंतू हातानं वेगळे करायचे. एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं लागतात! शिवाय या झाडाला बी धरत नाही, लागवड कंदांचीच. नुसती लाल टोकं निवडली की ते मोंगरा, खालचा पिवळा देठ राहू दिला की लच्छा. रंग आणि वास लाल भागात असतो, त्यामुळे लच्छाला मोंगऱ्याचा भाव देऊ नका. काश्मिरी केशराला 2020 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण जगातलं बहुतेक केशर इराणचं, मुख्यतः खोरासान भागातलं.

आता स्वयंपाकघरात येऊ. केशराचा रंग ज्या क्रोसिनमुळे येतो, ते पाण्यात विरघळतं, तुपात नाही. शिऱ्यासाठी तुपावर केशर परतताना कुणी दिसलं की मला खरंच हळहळ वाटते. केशर छोट्या खलात चिमूटभर साखरेबरोबर कुटावं, त्यावर दोन चमचे कोमट दूध घालावं आणि निदान अर्धा तास विसरून जावं. पदार्थात घालायचं ते शेवटी. त्याचा वास ज्या सॅफ्रानलचा, तो ताज्या फुलात जवळजवळ नसतोच, केशर वाळवताना तयार होतो आणि खळखळ उकळलं की उडून जातो. श्रीखंडाला तर उकळीचा प्रश्नच नाही, म्हणून तिथं केशर खुलतं. आदल्या रात्री मिसळून ठेवा, सकाळी रंग चढलेला दिसेल. मात्र हात आवरता हवा. जास्त झालं की पदार्थ कडवट होतो, कारण केशर मुळात चवीला कडूच.

ही कडू चव ओळखीलाही उपयोगी पडते. काडी जिभेवर ठेवून गोड लागली तर संशय घ्या. कोमट पाण्यात टाकली तर अस्सल काडी हळूहळू सोनेरी पिवळा रंग सोडते आणि स्वतः लालच राहते. पाणी लगेच लालभडक झालं आणि काडी फिकी पडली, तर तो रंग बाहेरून चढवलेला. आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडच्या करडईच्या पाकळ्याही केशर म्हणून खपवल्या जातात. करडई चांगलीच, पण करडईच्या भावात!

आणि एक राहिलं. गरोदरपणी केशरदूध प्यायलं की बाळ गोरं होतं, असं अजूनही सांगतात. वर्ण आईवडिलांकडून येतो, पेल्यातून नाही. चव आवडत असेल तर डॉक्टरांना विचारून एखाददुसरी काडी घालून प्यावं, आणि "गोरं होईल हं" म्हणणाऱ्या आत्याबाईंनाही एक पेला द्यावा.

नमस्कार.