कल्याणच्या तबकड्या आणि कृष्णविवराची सावली

[दृश्य: कल्याण स्टेशन, सकाळची गर्दी]

कल्याण म्हटलं की लोकल, फलाट आणि धक्काबुक्की. पण १९६५ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने इथे रेडिओलहरी टिपणाऱ्या, सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या उभ्या केल्या होत्या. ऑस्ट्रेलियात त्यांचं काम संपलं होतं. गोविंद स्वरूप यांच्या खटपटीने त्या भारताला भेट मिळाल्या. साऱ्या तबकड्या सूर्याकडे वळवायच्या, त्यांचे संकेत जुळवायचे, की त्या मिळून एका मोठ्या दुर्बिणीसारख्या चालायच्या.

कृष्णविवर म्हणजे ज्यातून प्रकाशही सुटत नाही अशी जागा. तिचं चित्र मिळालं ते याच तत्त्वावर.

[दृश्य: एम ८७ दीर्घिका]

एम ८७ मधलं कृष्णविवर साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर. वस्तुमान साडेसहाशे कोटी सूर्यांएवढं. त्याच्याभोवती तापलेल्या वायूचं चमकतं कडं, मधला काळोख म्हणजे त्याची सावली. तरी इथून ते कडं दिसतं चंद्रावर ठेवलेल्या हापूसएवढं! १.३ मिलिमीटरच्या रेडिओलहरींत ते टिपायचं, तर तबकडी पृथ्वीएवढी हवी. म्हणून एप्रिल २०१७ मध्ये हवाई, चिली, स्पेन अशा ठिकाणच्या आठ दुर्बिणी एकाच मोहिमेत उतरल्या. प्रत्येकीजवळ अणुघड्याळ. लहर कुठे किती उशिरा पोचली, सगळा हिशोब त्या फरकाचा.

[दृश्य: हार्ड डिस्कची चळत]

नोंदी इतक्या अवाढव्य, की इंटरनेटवरून पाठवणं परवडेना. डिस्क विमानाने नेल्या. विरळ हवेत साध्या डिस्क दगा देतात, म्हणून हेलियम भरलेल्या, सीलबंद वापरल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क मात्र हिवाळाभर अडकल्या. तेव्हा तिथे विमानच उतरत नाही. गंमत अशी, की तिथून एम ८७ दिसतही नाही. ती दुर्बीण दुसरे स्रोत बघून मोजमाप तपासायला मदत करत होती.

आठ दुर्बिणींनी पृथ्वी थोडीच भरते? माहितीत भोकं राहतात, आणि तेवढ्याच माहितीत अनेक चित्रं बसू शकतात. हवं तेच दिसण्याचा धोका इथेच. म्हणून शास्त्रज्ञांचे चार गट केले, एकमेकांशी बोलायची बंदी घातली. चौघांनाही कडं दिसलं. माझ्या मते खरी कमाई ही. चित्राचा केशरी रंग तर नंतर दिलेला.

१० एप्रिल २०१९ ला ते जगाने पाहिलं. आपल्या आकाशगंगेतलं कृष्णविवर फक्त २७ हजार प्रकाशवर्षांवर, तरी त्याचं चित्र यायला २०२२ उजाडलं. ते आकाराने लहान, त्यामुळे भोवतालचा वायू काही मिनिटांत फेरी मारतो. निरीक्षण चालू असतानाच दृश्य बदलत राहतं. शेवटी हजारो संभाव्य चित्रांची सरासरी काढावी लागली.