खारा वारा आणि स्वस्त गिटार

ही पांढरी भुकटी बघा, नखाने खरवडली तरी निघतेय. हा इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजचा, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाचा ब्लॉक, म्हणजे सहाही तारा ज्याच्या पोटातून वर येतात तो धातूचा ठोकळा. स्वस्त गिटारला हा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो आणि समुद्राकाठी जस्त असंच फुलतं. त्याच्यावर सॅडलचे, म्हणजे प्रत्येक तार टेकते त्या छोट्या तुकड्यांचे स्क्रू आहेत ते लोखंडी, म्हणून ते लाल, आणि मधे जिथे क्रोम होतं तिथे नुसते पापुद्रे.

हे मालवण आहे. जून महिना, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे होड्या सगळ्या वर काढलेल्या, ताडपत्र्या घातलेल्या, आणि बाजाराच्या मागच्या बोळात हे दुकान, बिनपाटीचं. आत बेंजो लटकलेत, ढोलक्या, एक उघडून ठेवलेला ॲम्प, भिंतीला ओल. दुकानाचे काका मुळात बेंजोवाले. गिटारी त्यांच्याकडे येतात कारण आजूबाजूला दुसरं कोण हातच लावत नाही, सगळे सांगतात मुंबईला धोबी तलावला घेऊन जा नाहीतर नवीन घ्या.

बेंजोचे शॉट छान मिळालेत म्हणून त्याच्याबद्दल जरा सांगतोच. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे वाद्य, गणपतीची मिरवणूक असो की लग्नाची वरात, ह्याच्याशिवाय होत नाही, पण हे मूळचं जपानी. नागोयाच्या गोरो मोरितांनी १९१२ मध्ये ताइशोगोतो बनवला, तो इकडे येऊन बुलबुलतरंग झाला आणि आपल्या लोकांनी त्याला पिकअप लावून सरळ भोंग्याला जोडला. आता पिकअप म्हणजे काय, तारेखाली चुंबक, चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, वरची तार हलली की वेढ्यांत करंट. इलेक्ट्रिक गिटारमध्ये ह्याहून वेगळं काहीच नाही. म्हणजे काका आयुष्यभर हेच काम करत आलेत, फक्त लाकडाचा आकार वेगळा होता.

ही गिटार एका कॉलेजच्या पोराची. स्ट्रॅट, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची स्वस्त कॉपी, सेकंडहँड घेतलेली. असली स्ट्रॅट १९५४ ची, कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरची. हा माणूस रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, आणि मला वाटतं म्हणूनच त्याने ती दुरुस्तीवाल्याच्या डोक्याने बनवली. हे बघा, नेक म्हणजे गिटारची मान, चार स्क्रूंवर. पिकअप, स्विच, आवाज कमीजास्त करायचे पॉट सगळं एकाच प्लेटवर, प्लेट उचलली की अख्खं वायरिंग हातात. ब्रिज सहा स्क्रूंवर. उघडायलाच बनवलेली वस्तू आहे ही, आणि लोक म्हणतात स्वस्तातली आहे, टाकून दे.

पोराच्या डोक्यात पिकअप बदलायचे होते. सगळ्यांच्याच असतात, व्हिडिओ बघून बघून. काकांनी ब्रिजवर बोट ठेवलं, म्हणाले, "पिकअप मगे बघूया रे, आधी ह्या गंजाचा काय ता बघ."

आता हे नीट बघा, मला अख्ख्या शूटमधलं हे सगळ्यात आवडलेलं काम आहे. गंजलेला स्क्रू नुसता पिळला तर मान तुटते, म्हणून काका सोल्डरिंगची बंदूक स्क्रूच्या डोक्यावर टेकवून धरतात, स्क्रू तापतो, आतलं लाकूड थोडं सैल सोडतं, मग पेचकस पूर्ण दाबून आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने आणि मग उलटा. कट्ट असा आवाज येतो, आला? पाच असेच निघाले. सहाव्याची मान गेली. मग पोकळ नळीसारखा ड्रिल, स्क्रूच्या भोवतीचं लाकूड कोरून तुकडा बाहेर, भोकात सागाची खुंटी फेविकॉल लावून ठोकली, सुकू दिली, वरून तासली, नवीन भोक. सगळं एका शॉटमध्ये आहे, मधे कट नाही मारला.

नवीन ब्रिज मागवायच्या आधी काकांनी मोजपट्टी घेतली. ब्रिजच्या पहिल्या स्क्रूच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत. जुन्या अमेरिकन मापात हे साधारण ५६ मिलिमीटर येतं, स्वस्त कॉप्यांना बहुतेक वेळा साडेबावन्न. आणि बॉडीची जाडीपण बघायची, कारण स्वस्त गिटारची बॉडी कित्येकदा पातळ असते आणि तिच्यात पूर्ण लांबीचा ब्लॉक घातला की तो मागून बाहेर डोकावतो.

ब्लॉक कशाचा घ्यायचा ह्याच्यावर इंटरनेटवर सगळे एकच सांगतात, स्टीलचा घ्या, आवाज लांबतो. बरोबर असेल, पुण्यात. इथे स्टीलचा ब्लॉक दोन पावसाळे काढेल आणि लाल होईल. काकांनी पितळेचा सांगितला. पितळ काळवंडतं, कोपऱ्यात हिरवट होतं, पण लोखंडासारखं खवले धरून सुटत नाही. आवाजात फरक पडतो का, तर थोडा पडतो, पण किनाऱ्यावर आधी टिकणं आणि मग आवाज, असं माझं मत आहे आणि ते मी अजिबात लपवत नाहीये.

स्क्रूंसाठी आपण बंदरावर आलो. हे दुकान होड्यांचं सामान विकतं, नांगर, शॅकल, दोरखंड, जाळ्याचे बोये. इथे स्टेनलेसमध्येपण दोन जाती मिळतात. ३०४, जो भांड्यांत असतो, आणि ३१६, ज्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घातलेलं असतं म्हणून खाऱ्या पाण्याचे बारीक खड्डे त्याला लवकर पडत नाहीत. होडीवाले ३१६ मागतात. गिटारवाला कोणी मागत नाही, दुकानदार हसला ते बघाच. सॅडल वरखाली करायचे बिनडोक्याचे बारीक स्क्रू एम ३ मापाचे, ते इथे नव्हते, ते ऑनलाइन. पण ब्रिज धरायचे लाकडाचे स्क्रू इथलेच. एक गोष्ट लक्षात ठेवा, स्टेनलेस जरा मऊ असतो, कडक लाकडात नुसता घुसवला तर त्याचीच मान जाते, म्हणून भोक आधी पाडून आट्यांना साबण चोळलाय.

ब्रिजला मागून ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा मात्र स्टेनलेसच्या मिळाल्या नाहीत. त्या कार्बन स्टीलच्याच, त्यांना तेलाचा हात.

आता खुंट्या, म्हणजे तारा पिळून सूर लावायच्या. जुन्या खुंट्या ढिल्या झाल्या होत्या. इथे बघण्यासारखं हे की उघड्या दातऱ्याच्या जुन्या फॅशनच्या खुंट्या दिसायला झकास, पण त्यांच्यात खारी हवा, धूळ सगळं जातं. म्हणून बंद डबीच्या, आत ग्रीस भरलेल्या. १८ ला १ असा रेशो, म्हणजे कान अठरा वेळा फिरवला की खांब एकदा फिरतो, सूर बारीक लावता येतो. भोक १० मिलिमीटरचं, ते जुळलं, पण मागचा स्क्रू जुळला नाही, प्रत्येक कंपनीचा कोन वेगळा, त्यामुळे जुनी भोकं भरून नवीन पाडली.

आणि नट, म्हणजे मानेच्या टोकाची ही पांढरी पट्टी. गिटार सूर सोडते म्हणून लोक खुंट्यांना शिव्या घालतात आणि दोष बऱ्याचदा ह्या पट्टीत असतो, प्लास्टिकच्या खाचेत तार अडकते आणि ब्रिजचा दांडा, सूर हलवायचा तो, दाबून सोडला की परत जागेवर येत नाही. काकांनी हाडाचा तुकडा घासून बसवला, ४२ मिलिमीटर रुंद. खाचांसाठी खास कानशी मिळतात, महाग असतात, काका गॅस वेल्डिंगचं नॉझल साफ करायच्या काड्या वापरतात, काटेरी असतात त्या, वेगवेगळ्या जाडीच्या. घासताना वास येतो तो दात कोरताना येतो तसाच. तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर फट बघायची, केसभर उरली की थांबायचं. हे काम कॅमेऱ्यात जेवढं आलंय त्याच्यापेक्षा खूप जास्त वेळ चाललं.

वायरिंगचं काम रात्री झालं, कॅमेरा नव्हता. थोडक्यात सांगायचं तर वायर खुपसायचा गंजलेला जॅक बदलला, खरखरणारे पॉट काढून २५०के म्हणजे २५० किलोओहमचे नवीन टाकले कारण सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपला तेवढेच लागतात, आतल्या खड्ड्याला तांब्याची पट्टी चिकटवून अर्थला जोडली म्हणजे घरघर कमी होते. पूर्ण जात नाही, सिंगल कॉइल आहे. पिकअप जुनेच ठेवलेत. चांगले निघाले.

तारा कोटिंगवाल्या, नऊचा सेट, म्हणजे बारीक जाडीच्या. महाग पडतात, पण इथे साध्या तारा किती पटकन काळ्या पडतात ते मालवणात गिटार वाजवणाऱ्या कोणालाही विचारा.

खर्च गिटारच्या किमतीच्या निम्म्याच्या थोडा वर गेला, विकायला काढली तर तो परत मिळणार नाही. पोरगा यंदा गणपतीत काकांच्या बेंजोवाल्यांबरोबर वाजवणार आहे, त्यासाठी भोंग्याला चालेल अशी वेगळी वायर करून द्यायचीय. मित्राची गिटारपण लाइनीत आहे, पण तिला हाच ब्रिज मागवून भागणार नाही, तिचं माप ५६ निघालंय.