टाइट म्हणजे ग्रिप नव्हे! रॉस चॅस्टेनचा तो शनिवार-रविवार

नमस्कार मंडळी! आज परत नॅसकार, म्हणजे अमेरिकेतली स्टॉक कार रेसिंग, कारण तुम्ही पाठच सोडत नाही. तो भिंतीला घासत गेलेल्या गाडीचा शॉर्ट टाकला त्या दिवसापासून रोज कमेंट, ताई हा माणूस आता काय करतो, ताई हा नेहमी असाच चालवतो का, ताई याचं लायसन्स आहे की काढून घेतलं.

तर तो रॉस चॅस्टेन. 30 ऑक्टोबर 2022, मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक, शेवटची लॅप म्हणजे फेरी, सीझनच्या फायनलच्या चौघांत जायला दोन पोझिशन कमी पडत होत्या. त्याने पाचवा गिअर टाकला, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलाच नाही आणि गाडी भिंतीला टेकवून पाच जणांना मागे टाकलं. लहानपणी व्हिडिओ गेममध्ये केलं होतं म्हणे, ते आठवलं त्याला. पुढच्या सीझनआधी नॅसकारने ती युक्ती बंद करून टाकली. पण तेवढ्यावरून या माणसाला वेडा ठरवू नका हो, हात जोडून सांगते. त्याचा खरा कस बघायचा असेल तर मे 2025चा शार्लटच्या कोका-कोला 600 रेसचा वीकेंड बघा. आज तोच सांगणार आहे.

बेसिक गोष्टी पटकन उरकते, बहुतेकांना माहीत आहेत. स्टॉक कार म्हणजे एकेकाळी खरंच शोरूममधली गाडी होती, आता नाही. आता वर नाव कॅमॅरो, मस्टँग, कॅमरी, आणि खाली सगळ्यांची जवळपास सारखीच रेसिंगची गाडी, दार उघडत नाही, हेडलाइटच्या जागी स्टिकर. व्ही-एट इंजिन, एबीएस नाही. आत पन्नास डिग्रीच्या वर तापतं. शार्लटचा ट्रॅक दीड मैलाचा, वळणावर 24 अंशांचा उतार. कोका-कोला 600 म्हणजे 600 मैल, 400 लॅप, साडेनऊशे किलोमीटरच्या वर. कोल्हापूरहून नागपूर गाठाल आणि तरी अंतर शिल्लक राहील. चार तासांहून जास्त वेळ एकच ड्रायव्हर, मध्ये उतरायचं नाही. झालं बेसिक.

आता शनिवार. रविवारी एवढी मोठी रेस, पण शनिवारी प्रॅक्टिस किती मिळते? अर्धा ताससुद्धा नाही. तेवढ्यात गाडी कशी चाललीय ते ओळखायचं, टीमला सांगायचं, आणि लगेच क्वालिफाइंग, म्हणजे रेसला कोण कितव्या नंबरवरून सुटणार ते ठरवायची फेरी. चॅस्टेनचा प्रॅक्टिसमध्येच टायर गेला, गाडी भिंतीवर. दुरुस्त होण्यापलीकडे. क्वालिफाइंग नाही, म्हणजे रविवारी चाळीस गाड्यांत चाळिसावा.

त्याची टीम ट्रॅकहाउस, वर्कशॉप तिथेच कॉनकॉर्ड गावात, ट्रॅकपासून जवळ. पोरं शनिवारी रात्री वर्कशॉपला गेली आणि मध्यरात्र उलटून गेली तरी दुसरी गाडी उभी करत होती. सीट, पेडल, सस्पेन्शन, वजनाचं मोजमाप, सगळं नव्याने. मला या रेसमधलं सगळ्यात जास्त काय आवडतं विचाराल तर ही रात्र आवडते. कॅमेरा नाही, टाळ्या नाहीत. दहा-बारा माणसं पाने घेऊन उभी आहेत, सकाळी परत ट्रॅकवर जायचंय.

आणि लक्षात घ्या, ही गाडी त्याने एकही लॅप चालवलेली नाही. पहिली लॅप थेट रेसमध्येच.

हे काय असतं ते मला थोडंसं माहितीय. मी कार्टिंग करायचे तेव्हा एका शनिवारी प्रॅक्टिसमध्ये माझी चेन तुटली, कार्ट टायरच्या ढिगात गेली, पुढचा ॲक्सल वाकला. दुसऱ्या दिवशी दुसरी कार्ट दिली. दिसायला तीच, इंजिन तेच. पण बसल्यावर वाटलं दुसऱ्याची चप्पल पायात घातलीय. पाच लॅप मला ब्रेक नक्की कुठे मारायचा तेच कळेना, कारण माझ्या जुन्या कार्टची मागची बाजू कधी सुटते ते माझ्या कंबरेला पाठ झालं होतं, आणि या नवीन कार्टचं काही कळतच नव्हतं. अकरा जणांत सातवी आले. ती कार्ट होती, तासाला साठ-सत्तर. चॅस्टेनचा वेग तीनशेच्या आसपास आणि भोवती एकोणचाळीस गाड्या.

आता येते मी माझ्या मुद्द्यावर. हा नीट ऐका, कारण गेल्या तीन व्हिडिओंखाली यावरून भांडणं झालीत. लूज आणि टाइट.

रेस चालू असताना रेडिओवर ड्रायव्हर टीमशी सारखा हेच बोलतो. लूज आहे, टाइट आहे, आत जाताना टाइट, बाहेर पडताना लूज. आणि आपले प्रेक्षक लिहितात, "टाइट म्हणजे चांगलंच की, गाडी रस्त्याला धरून आहे." नाही! टाइट म्हणजे ग्रिप जास्त, असं नाहीये. टाइट म्हणजे पुढच्या चाकांना मागच्या चाकांपेक्षा कमी ग्रिप. तुम्ही स्टिअरिंग वळवताय आणि नाक वळत नाही, गाडी सरळ बाहेरच्या भिंतीकडे चाललीय. लूज म्हणजे उलट, मागची चाकं आधी सुटतात, शेपूट बाहेर फेकली जाते आणि गाडी गिरकी घेते. तिकडचे लोक सोपं करून सांगतात, टाइट गाडी भिंतीवर नाकाने जाते, लूज गाडी शेपटीने.

अजून नाही पटलं? माझ्या बाबांचं ऐका. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाट. जुन्या गाड्या, पॉवर स्टिअरिंग नाही. पावसाळ्यात कधी मागच्या बाकांवर पोती आणि माणसं दाटीने बसली आणि पुढे रिकामं असलं, तर घाट लागायच्या आधी बाबा गाडी थांबवायचे आणि कंडक्टरकाकांना सांगायचे, चार माणसं पुढे आणा, स्टिअरिंग हलकं लागतंय. मी लहान होते, मला वाटायचं हलकं लागतंय तर बरंच आहे, हात दुखणार नाहीत. बाबा म्हणाले, "हलकं लागतंय म्हणजे पुढची चाकं रस्ता धरत नाहीत बाळ. वळणावर मी वळवीन आणि गाडी दरीकडे सरळ जाईल." बघा मंडळी, स्टिअरिंग हाताला हलकं, आणि गाडी रेसिंगच्या भाषेत टाइट! नाव टाइट आहे म्हणून काहीतरी घट्ट धरलंय असं समजू नका. आणि बाबांनी जसं वजन हलवून गाडी ताळ्यावर आणली, तसंच पिट क्रू, म्हणजे रेसमध्ये गाडी थांबली की तिचं काम करणारी पोरं, करतात, फक्त मागून पुढे नाही, तिरपं, कोपऱ्या-कोपऱ्यांत. मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालून स्प्रिंग कमी-जास्त दाबतात, त्याला वेज म्हणतात. पाना थोडासा फिरला की चार चाकांवर वजन कसं वाटलं जातंय ते बदलतं. इथे चार माणसं उठून पुढे बसतात, तिथे पाना अर्धा राउंड फिरतो. दुसरं म्हणजे टायरमधली हवा, तीही किंचित कमी-जास्त करतात.

तिसऱ्या बाजूने सांगते, मग सोडते. समजा तुमची गाडी एकदम बरोबर आहे, लूज नाही, टाइट नाही. आता तिला दुसऱ्या गाडीच्या मागे लावा. पुढची गाडी हवा फाडत चाललीय, तुमच्या नाकावर दाबणारी हवा कमी झाली, नाक हलकं झालं. गाडी टाइट! टायर तेच, सेटिंग तेच, ड्रायव्हर तोच. आता एखादा बाजूने येऊन तुमच्या मागच्या कोपऱ्याला चिकटला, तर तुमच्या स्पॉयलरवरची, म्हणजे गाडी खाली दाबून धरणाऱ्या मागच्या पट्टीवरची, हवा बिघडली. गाडी लूज! म्हणजे टाइट-लूज हा गाडीचा कायमचा स्वभाव नाही, दर वळणाला बदलत जाणारी गोष्ट आहे. "ड्रायव्हर नुसता डावीकडे वळवतो" असं लिहिणाऱ्या दादांनी हे पाच मिनिटं डोक्यात घोळवा एवढंच म्हणणं आहे माझं. डावीकडेच वळतो हो, पण 400 लॅपमधली एक लॅप दुसरीसारखी नसते.

म्हणून चाळिसावं असणं वाईट. नुसतं मागे आहे म्हणून नाही. सगळ्यात पुढचा स्वच्छ हवेत चालवतो, त्याची गाडी वळते. मागचा एकोणचाळीस गाड्यांच्या घुसळलेल्या हवेत, नाक वळत नाही, पुढे जावं तर कसं. त्यात गाडी अनोळखी.

आणि शार्लटला अजून एक भर असते. रेस सुरू होते संध्याकाळी उन्हात, संपते रात्री. तापलेला ट्रॅक निसरडा असतो, थंड होत गेला की ग्रिप वाढते आणि साधारणपणे गाडी टाइट होत जाते. म्हणजे उन्हात मस्त चालणारी गाडी रात्री हट्टी होते. चांगला क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या टीमचा मुख्य, पहिल्या लॅपला नव्हे, शेवटच्या शंभर लॅपला गाडी बरोबर येईल असं बघतो. चॅस्टेनचा तेव्हाचा क्रू चीफ फिल सर्जेन. रात्रभराच्या कामात चूक झाली असती तर ती या शेवटच्या शंभरात दिसली असती.

आपल्याकडे ती सोमवारची पहाट होती, साडेतीनला लावलेला गजर. मी आणि मोबाईल, आवाज बारीक. विल्यम बायरन नावाचा ड्रायव्हर पुढे होता आणि बराच वेळ पुढेच राहिला. एकूण 283 लॅप त्याने लीड केल्या. कल्पना करा, चारशेतल्या 283. चॅस्टेन हळूहळू वर येत होता, तिसावा, विसावा, कधी कॅमेऱ्यात दिसायचाही नाही. अर्ध्यावर सगळ्या गाड्या पिट रोडवर थांबतात, इंजिन बंद, कारण तो त्यांचा मेमोरियल डेचा वीकेंड, प्रत्येक काचेवर एका शहीद सैनिकाचं नाव लिहिलेलं असतं. एवढ्या आवाजाची रेस आणि एकदम शांत. मी दरवर्षी त्या अर्ध्या मिनिटाला उठून उभी राहते. आमच्या आजूबाजूला फौजी घरं आहेत, माझा मामा फौजेत होता, त्यामुळे मला ते परकं वाटत नाही.

इथे एक विषयांतर, कारण तुम्ही विचारताच. "ताई, त्याच दिवशी लार्सनचं झालं ते जास्त वाईट नव्हतं का?" होतं. काइल लार्सन हाही नॅसकारचा ड्रायव्हर, एकाच दिवशी इंडी 500, म्हणजे इंडियानापोलिसची वेगळ्याच प्रकारच्या, उघड्या चाकांच्या गाड्यांची 500 मैलांची रेस, आणि ही 600, दोन्ही करायला निघाला होता. 2024ला पावसाने इंडी चार तास उशिरा सुरू झाली, तो शार्लटला पोचेपर्यंत त्याच्या गाडीत जस्टिन ऑलगायर रेस चालवत होता, आणि मग तिथेही पाऊस आला आणि रेस 249 लॅपवर संपवली. हेल्मेट घालून आलेला माणूस, एक लॅप नाही मिळाली. 2025ला परत गेला, इंडीत धडकला, 24वा. विमानाने शार्लटला आला, तिथे आधी गिरकी, मग दुसऱ्याच्या अपघातात सापडला, 37वा. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण दोन्ही गाड्यांचं टाइट-लूज एका दिवसात अंगात मुरवायचं म्हणजे सकाळी ट्रॅक्टर, संध्याकाळी स्कूटर असं आहे. त्याच्यावर वेगळा व्हिडिओ करते, नक्की.

परत चॅस्टेनकडे. शेवटच्या वीस लॅप, आपल्याकडे सकाळचे आठ वाजायला आलेले, आई चहा ठेवत होती, बाबा आंघोळ करून आले आणि माझ्या मागे उभे राहिले. त्यांना यातलं कुणी माहीत नाही. पुढे बायरन, मागे चॅस्टेन, अंतर कमी होत चाललेलं. बाबा दोन लॅप गप्प बघत होते आणि म्हणाले, "पुढच्याची गाडी बाहेर ओढतेय बघ, वळण संपताना भिंतीजवळ जातेय. मागच्याची वळतेय." मी बघितलं, आणि खरंच. मी इतकी वर्षं बघते, आकडे पाठ आहेत, आणि मी चॅस्टेनच्या गाडीकडेच बघत होते, बायरनच्या नाकाकडे बघितलंच नव्हतं.

सहा लॅप बाकी असताना चॅस्टेन पुढे गेला. पुढे गेल्यावर स्वच्छ हवा त्याला, घुसळलेली बायरनला. जिंकला एका सेकंदापेक्षा कमी अंतराने. कोका-कोला 600 शेवटच्या नंबरवरून सुरू करून जिंकणारा पहिला ड्रायव्हर.

मग त्याने नेहमीसारखं कलिंगड उचललं. त्याचं घराणं फ्लोरिडातल्या अल्वा गावचं, पिढ्यान्‌पिढ्या कलिंगडाची शेती, तो आठव्या पिढीतला. जिंकला की कलिंगड डोक्यावर उचलून ट्रॅकवर आपटतो. कुणीतरी लिहिलं होतं, "शेतकऱ्याच्या पोराने फळ वाया घालवू नये." मला तसं नाही वाटत. आमच्याकडे पहिलं कणीस देवापुढे ठेवतात, पहिला ऊस कारखान्याला जाताना नारळ फोडतात, नारळ वाया गेला असं कोण म्हणतं? आणि रेसनंतर बोलताना तो स्वतःचं कमी आणि रात्रभर जागलेल्या पोरांचंच जास्त बोलत होता.

बाबांनी मात्र त्याचं कलिंगड बघितलंच नाही. ते विचारत होते, "त्या पोरांनी एका रात्रीत अख्खी गाडी उभी केली? डेपोत आमचा एक गिअरबॉक्स उतरवायला दोन दिवस लागायचे." मग मी त्यांना वेजचा पाना कुठून घालतात ते दाखवलं, पिट स्टॉपचा व्हिडिओ थांबवून थांबवून. त्यांनी चार वेळा परत लावायला सांगितला. तो क्लिप खाली लिंकमध्ये टाकतेय, तुम्हीही बघा, आणि टाइट-लूजवर अजून शंका असेल तर लिहा, मी उत्तर देईन.